हात न दाखवून अवलक्षण!

दोस्तांनो, ‘हात दाखवून अवलक्षण’ ही म्हण तुम्हाला पाठ असेल. उगाच ज्योतिषापुढे हात पसरायचा, तो काहीतरी वाईट सांगणार, आणि आपण मनाला घोर लावून घ्यायचा. म्हणजे आपणहून संकट ओढवून घ्यायचं, असा तिचा अर्थ. म्हण काही खोटी नाही. पण तुम्ही सायकलवर टांग मारलीत आणि रस्त्याला लागलात, की हीच म्हण नेमकी उलटी होते. तिथे हात न दाखवणाऱ्याचंच अवलक्षण होतं!

कसं ते बघायचं असेल, तर चला बिरवाडीला.

बिरवाडी कुठे आहे, ठाऊक आहे? रायगड जिल्ह्याचा नकाशा उघडा. मुंबई-गोवा महामार्गावर बोट ठेवा आणि खाली खाली या. माणगाव गेलं, महाड आलं. त्याच्या पुढे पोलादपूर. या महाड-पोलादपूरच्या टापूत, महामार्गापासून जरा आत, सह्याद्रीच्या बाजूला बिरवाडी आहे. आजूबाजूला डोंगर आणि भातशेती, आणि गावाला अगदी लागून महाडची औद्योगिक वसाहत. सगळे तिला ‘एमआयडीसी’च म्हणतात. इथे रसायनांचे पुष्कळ कारखाने आहेत. कारखाने आले म्हणजे टँकर आले, ट्रक आले, कामगारांच्या पाळ्या आल्या, त्यांच्या मोटारसायकली आल्या. त्यात गावची एसटी, रिक्षा, मिनिडोर, बाजाराला निघालेली माणसं आणि रस्त्याच्या मधोमध रवंथ करणारी गाईगुरं. आणि या सगळ्यांच्या गर्दीतून वाट काढत शाळेला निघालेले तुमच्यासारखे सायकलवाले!

मागच्याच्या डोक्यात काय चाललंय?

आता समजा, हा सायकलवाला म्हणजे तुम्हीच आहात. रस्त्याच्या डाव्या कडेने छान चालला आहात. पुढे उजव्या हाताला वह्या-पेनांचं दुकान आहे आणि तुम्हाला तिथे वळायचं आहे. हे कोणाला ठाऊक आहे? फक्त तुम्हाला.

तुमच्या मागे टँकर आहे. टँकरवाला म्हणतो, ‘हा पोरगा सरळ चाललाय, जरा उजवीकडून काढू गाडी.’ त्याच्या मागे मोटारसायकल. तिला वाटतं, ‘टँकर बाजूला होतोय, आपणही घुसू.’ समोरून एसटी येते आहे. तिच्या ड्रायव्हरला वाटतं, ‘सायकल तिच्या कडेला, मी माझ्या कडेला, रस्ता मोकळा.’ तिघांचंही काही चुकलेलं नाही बरं का! तुम्ही सरळ जात होतात, म्हणून पुढेही सरळच जाल, असं त्यांनी धरलं. आणि नेमक्या त्याच क्षणी तुम्ही हॅण्डल उजवीकडे वळवलंत...

पुढचं सांगायला नको.

मोटारीला वळायचं असेल तर तिचा दिवा लुकलुकतो. थांबायचं असेल तर मागे लाल दिवा पेटतो. तुमच्या सायकलला यातलं काय आहे? काहीच नाही. घंटी आहे, पण ती ‘बाजूला व्हा’ एवढंच सांगते. ‘मी उजवीकडे वळतोय’ असं काही घंटीला सांगता येत नाही. ते सांगायला तुमच्याजवळ एकच साधन आहे. ते फुकट आहे, त्याला सेल लागत नाही, ते घरी विसरत नाही. तुमचा हात!

रस्त्याची मुकी भाषा

रस्त्यावर सगळेच काही ना काही बोलत असतात. एसटीचा कंडक्टर दोरी ओढतो. एकदा ‘टण’ झालं की गाडी थांबवायची, दोनदा ‘टण टण’ झालं की निघायचं. कंडक्टर मागे, ड्रायव्हर पुढे, मध्ये खच्चून गर्दी. पण एका घंटीने दोघांचं काम भागतं. ट्रकचा क्लीनर डाव्या खिडकीतून हात बाहेर काढून मागच्यांना थोपवतो, नाहीतर पत्र्यावर थाप मारून ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणतो. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे डावी बाजू सांभाळायला क्लीनर हवा. तो म्हणजे ट्रकचा डावा हातच म्हणा ना!

मोटारींना लुकलुकणारे दिवे काही पहिल्यापासून नव्हते. सुरुवातीला मोटारवालेही हातच बाहेर काढत. मग काही गाड्यांच्या अंगाला एक लहानसा दांडा बसवला गेला. आतून कळ दाबली की दांडा टुणकन बाहेर यायचा आणि गाडी कुठे वळणार ते दाखवायचा. त्याला ‘ट्रॅफिकेटर’ म्हणत. म्हणजे काय, माणसाच्या हाताऐवजी गाडीला लोखंडी हात! १९३९ साली अमेरिकेतल्या ब्युइक कंपनीने लुकलुकणारे दिवे लावलेल्या गाड्या बाजारात आणल्या. पुढे दिव्यांनी त्या दांड्याला हद्दपार केलं.

पण हात संपला नाही. आपल्या देशात मोटार वाहन कायदा १९८८ साली झाला आणि १९८९ साली रस्त्याचे नियम निघाले. दिवे आलेले असूनही त्यात ड्रायव्हरने करायच्या हाताच्या पाच खुणा दिल्या होत्या. वेग कमी करायचा असेल तर उजवा हात बाहेर काढून, तळवा जमिनीकडे ठेवून खाली-वर हलवायचा. थांबायचं असेल तर कोपरापासून हात सरळ वर उभा करायचा. उजवीकडे वळायचं असेल तर हात आडवा सरळ. डावीकडे वळायचं असेल तर तोच उजवा हात घड्याळाच्या काट्यांच्या उलट्या दिशेने गोल फिरवायचा. आणि मागच्याला पुढे जाऊ द्यायचं असेल तर हात मागून पुढे झुलवायचा. २०१७ साली या नियमांच्या जागी नवी नियमावली आली. पण तुमच्या दादाला किंवा ताईला शिकाऊ लायसन्स काढायचं असेल, तर हाताच्या या खुणा अजूनही शिकाव्या लागतात.

आता एक कोडं. डावीकडे वळायला ड्रायव्हर डावा हात का दाखवत नाही? उजवा हात गरगरा का फिरवतो? सोपं आहे. तो उजव्या खिडकीशी बसलेला असतो. त्याचा डावा हात बाहेर पोचणार कसा? सायकलवाल्याची गोष्ट वेगळी. त्याच्या दोन्ही बाजू मोकळ्या! म्हणून त्याने उजवीकडे वळताना उजवा हात खांद्याच्या रेषेत सरळ करावा आणि डावीकडे वळताना डावा. वेग कमी करायचा असेल किंवा थांबायचं असेल, तर उजवा हात बाजूला काढून, तळवा खाली ठेवून सावकाश खाली-वर करावा. झाल्या तीन खुणा. पाढ्यांपेक्षा नक्कीच सोप्या!

पण हात म्हणजे अख्खा हात हं! काही जण नुसतं मनगट हलवतात. काही बहाद्दर एक बोट वर करतात. आणि काही तर पायडलवरचा पाय बाहेर काढून दाखवतात! मागच्या माणसाने तुम्हाला माशी चावली समजायचं की चप्पल निसटली? हात खांद्यापासून बोटांपर्यंत ताठ हवा. टँकरच्या उंच केबिनमधून, धुळीतून, पावसाने भिजलेल्या काचेतून तो दिसायचा आहे.

एक सेकंद म्हणजे किती मीटर?

‘पण मी हात दाखवतो की! वळता वळता दाखवतो,’ असं कोणीतरी म्हणेलच. वळता वळता दाखवलेला हात म्हणजे गाडी सुटल्यावर काढलेलं तिकीट. का, ते एका प्रयोगातून बघू.

तुमची तीस सेंटिमीटरची फूटपट्टी घ्या. मित्राला ती वरच्या टोकाला धरून उभी लोंबकळत ठेवायला सांगा. शून्याचं टोक खाली. त्या शून्यापाशी तुमचा अंगठा आणि बोट पट्टीला न टेकवता उघडे ठेवा. मित्र न सांगता पट्टी सोडेल. चटकन पकडा! जिथे पकडली तिथला आकडा वाचा. १५ सेंटिमीटरवर पकडलीत तर तुम्हाला सुमारे ०.१७ सेकंद लागले. २० वर पकडलीत तर ०.२० सेकंद आणि २५ वर पकडलीत तर ०.२३ सेकंद. पट्टी हातातून निसटून खालीच पडली, तर आणखी वेळ लागला.

आता विचार करा. तुम्ही टक लावून बघत होतात. पट्टी पडणार हे तुम्हाला ठाऊक होतं. बोटं तयार होती. तरी एवढा वेळ गेला. ड्रायव्हरला तर काहीच ठाऊक नसतं. त्याने बघायचं, समजून घ्यायचं, ठरवायचं, एका पायडलवरचा पाय उचलून ब्रेकवर न्यायचा. यात एक-दीड सेकंद सहज जातो. तोवर गाडी तिच्या वेगाने धावतच असते.

ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. दीड सेकंदात साधारण १७ मीटर. कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब असतं. म्हणजे ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत गाडी अख्खं कबड्डीचं मैदान ओलांडून पुढे गेलेली! महामार्गावर ताशी ६० चा वेग असेल, तर दीड सेकंदात २५ मीटर. खो-खोचं मैदान २७ मीटरचं असतं, म्हणजे जवळजवळ तेवढं. आणि इथपर्यंत ब्रेक नुसता लागायला सुरुवात झाली आहे. गाडी थांबायला आणखी अंतर लागतं ते वेगळंच. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं ते अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. भरलेला टँकर असेल आणि रस्ता ओला असेल, तर मग बघायलाच नको.

‘हात दाखवा, गाडी थांबवा’ ही एसटीची योजना तुम्हाला माहीत आहे ना? हात दाखवल्यावर एसटी तुमच्या पुढ्यातच थांबते का? नाही! ती पुढे जाते, मग थांबते, आणि आपण पिशव्या सावरत तिच्यामागे धावतो. ड्रायव्हरकाका काही खोडी काढत नसतात. तो त्या दीड सेकंदाचा आणि ब्रेकचा हिशेब असतो.

आणि आणखी एक गोष्ट या योजनेतून शिकण्यासारखी आहे. एसटी तुमचा हात थांबवत नाही. एसटी ड्रायव्हर थांबवतो. गाडी भरलेली असेल तर तो न थांबता निघूनही जातो. तसंच सायकलवर आहे. हात दाखवला म्हणजे वळायची परवानगी मिळाली, असं मुळीच नाही. हात म्हणजे नुसती विनंती. ‘काका, मला उजवीकडे वळायचंय हो,’ एवढंच तो म्हणतो. समोरच्याने ती ऐकली की नाही, हे बघणं तुमचं काम. सगळ्या लेखातली ही एक गोष्ट लक्षात राहिली, तरी पुष्कळ झालं.

आधी मान, मग हात

म्हणून वळण्याचा खरा क्रम हातापासून सुरू होत नाही, मानेपासून सुरू होतो.

पहिलं, मागे बघा. उजवीकडे वळायचं तर उजव्या खांद्यावरून आणि डावीकडे वळायचं तर डाव्या खांद्यावरूनही. डावीकडून कोण येणार, असं म्हणू नका. मोटारसायकली आणि रिक्षा कुठूनही येतात. मागे अगदी जवळ वाहन असेल, तर हातबित काही नाही. सरळ चालत राहा, त्याला जाऊ द्या.

दुसरं, जागा मोकळी असेल तर हात दाखवा आणि मनात सावकाश ‘एक, दोन, तीन’ म्हणा. तेवढा वेळ हात ताठ.

तिसरं, पुन्हा एकदा मागे बघा. मागच्याने वेग कमी केला का? त्याची-तुमची नजरानजर झाली का? त्याने मान हलवली का? मग समोरून कोणी येत नाही ना, तेही बघा.

चौथं, हात परत हॅण्डलवर घ्या. दोन्ही हातांनी सायकल सांभाळत वळा. हात बाहेर ठेवून वळायचं नाही. वळताना खड्डा आला तर एका हाताने सायकल आवरत नाही.

हे सगळं करायला किती आधी सुरुवात करावी? तुमचा वेग ताशी १५ किलोमीटर असेल, तर तुम्ही सेकंदाला चार मीटरपेक्षा थोडं जास्त जाता. एकामागे एक उभ्या केलेल्या तीन एसटी गाड्यांची लांबी साधारण तीस मीटर. तेवढ्या अंतरावरून सुरुवात केलीत, तर तुमच्या हातात सात सेकंद असतात. सात सेकंदांत चारही गोष्टी आरामात होतात.

आणि मागे वाहनांची रांगच लागली असेल तर? तर एक जुना, साधा, कधीही न फसणारा उपाय आहे. डाव्या कडेला थांबा. सायकलवरून उतरा. दोन्हीकडे बघा आणि सायकल हातात धरून चालत रस्ता ओलांडा. मुंबई-गोवा महामार्गासारख्या रस्त्यावर तर तुमच्या वयाच्या मुलांनी हेच करावं, तेही जिथे ओलांडायची सोय असेल तिथूनच. यात कमीपणा काही नाही.

कोणता हात कोणत्या ब्रेकवर?

आता एक गंमत. तुमची सायकल उभी करा आणि एकेक ब्रेक दाबून बघा. आपल्याकडच्या नेहमीच्या सायकलींना उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाला आणि डाव्या हाताचा मागच्या चाकाला असतो. तुमच्या सायकलचा कसा आहे, ते मात्र स्वतः तपासा.

याचा उपयोग काय? उजवा हात दाखवताना तुमचा डावा हात मागच्या ब्रेकवर असतो. मध्येच कोणी आडवं आलं, तर मागचा ब्रेक दाबून सायकल आवरता येते. पण डावा हात दाखवताना हाताशी राहतो तो फक्त पुढचा ब्रेक. तो एकट्याने गपकन दाबला तर मागचं चाक उचललं जातं आणि स्वारी हॅण्डलवरून पुढे! म्हणून डावा हात दाखवण्याआधीच वेग थोडा उतरवून ठेवा. पण अगदी रांगेल इतकाही नको. सायकल फार हळू झाली की डगमगते, आणि एका हाताने तर जास्तच.

हॅण्डलला पिशव्या लटकवलेल्या असतील, तर एक हात सोडताच सायकल पिशवीच्या बाजूला ओढते. दप्तर पाठीवर किंवा कॅरिअरला बांधा. मोठ्या माणसाच्या सायकलच्या नळीखालून पाय घालून चालवणाऱ्या छोट्या दोस्तांनो, तुम्हाला एक हात सोडणं जमणारच नाही. तुमच्यासाठी मैदान आणि गल्ली ठीक. रहदारीचा रस्ता तुमच्या मापाची सायकल मिळेपर्यंत नको.

टँकरचा आंधळा कोपरा

एमआयडीसीच्या भागात राहणाऱ्यांनी तर हे ध्यानात ठेवायलाच हवं. टँकर एवढा मोठा, त्याच्या आरशांना एवढे कान, तरी त्याला सगळं दिसत नाही. ड्रायव्हर उंचावर आणि उजवीकडे बसतो. त्याच्या केबिनच्या डाव्या बाजूला अगदी खेटून सायकल असेल, तर ती त्याला दिसत नाही. अगदी पुढ्यात, बंपरला चिकटून असेल, तरीही नाही. तिथे तुम्ही हात दाखवा नाहीतर हातात झेंडा घ्या, उपयोग शून्य!

ओळखायचं कसं? आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसतोय का बघा. तुम्हाला तो दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

आणखी एक. लांब गाडी वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत. ती आतल्या बाजूने कोपरा कापतात. डावीकडे वळणाऱ्या टँकरच्या आणि रस्त्याच्या कडेच्या मध्ये सुरुवातीला ऐसपैस जागा दिसते. पण ती बघता बघता मिटते. त्या जागेत सायकल घालू नका. मागे थांबा, त्याला वळू द्या.

पाऊस आणि अंधार

कोकणातला पाऊस म्हणजे काय, ते बिरवाडीकरांना सांगायला नको. पावसात काय होतं? एका हातात हॅण्डल, दुसऱ्या हातात छत्री! मग खूण करायला तिसरा हात कुठून आणणार? म्हणून सायकलवर छत्री नको, रेनकोट घाला. तोही पिवळा किंवा भगवा असेल तर उत्तम. काळा-निळा रेनकोट पावसाच्या अंधारात दिसत नाही. पाण्याने चाकाच्या धावा ओल्या होतात, आणि ब्रेक दाबला की रबर आधी पाणी पुसतं, मग पकड घेतं. तेव्हा पावसात सगळंच आधी करायचं. मान आधी, हात आधी, ब्रेकही आधी.

संध्याकाळी क्लासहून परतताना अंधार पडतो. अंधारात दाखवलेला हात कोणाला दिसणार? मनगटावर चमकणारी पट्टी बांधा. गाडीचा दिवा पडला की ती लखकन चमकते. तीही नसेल तर निदान पांढरा रुमाल बांधा. सायकलच्या मागे लाल रिफ्लेक्टर हवाच.

रस्त्यावर दिसणाऱ्या खुणेचं मोल महाड-पोलादपूरच्या माणसांना वेगळं सांगावं लागत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीला पूर आला होता आणि महाडजवळ महामार्गावरचा इंग्रजांच्या काळातला पूल कोसळला. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं पाण्यात गेली. कितीतरी माणसं दगावली. त्या अंधारात, धो धो पावसात, पूल गेल्याचं लक्षात येताच जवळच्या माणसांनी रस्त्यावर धाव घेतली आणि मागून येणाऱ्या गाड्या थांबवल्या. पुढे पूल नाही, हे सांगायला तिथे दिवा नव्हता, पाटी नव्हती. होती ती फक्त माणसं आणि वेळेवर केलेला इशारा. आता तिथे नवा पूल आहे. तो जून २०१७ मध्ये वाहतुकीला खुला झाला.

मैदानावरची शाळा

मोटारसायकल चालवायला वय लागतं, लायसन्स लागतं, परीक्षा द्यावी लागते. सायकलला यातलं काहीच लागत नाही. म्हणून सायकलवाल्याला कोणी काही शिकवतही नाही! पण रस्ता तर तोच आहे. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं मृत्युमुखी पडली. त्यात चार हजारांहून जास्त सायकलस्वार होते.

नेदरलँड्स हा सायकलींचा देश. तिथे प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षांत मुलांची वाहतुकीची परीक्षा होते. एक लेखी, आणि एक चक्क रस्त्यावर सायकल चालवून! मूल मागे बघतं का, हात दाखवतं का, हे परीक्षक ठिकठिकाणी उभे राहून तपासतात. आपल्याकडे अशी परीक्षा नाही, तर आपणच घेऊया की!

रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर चार-पाच जण जमा. फक्कीने तीस पावलांची एक सरळ रेघ आखा.

पहिला धडा : रेघेवरून सरळ जायचं आणि उजवा हात सोडून ‘एक, दोन, तीन’ म्हणायचं. मग डावा. रेघ सुटता कामा नये. डाव्या हाताला बहुतेकांची रेघ सुटते, बघाच!

दुसरा धडा : मित्र मागे उभा राहून बोटं दाखवेल. चालवता चालवता मागे वळून बघायचं आणि किती बोटं ते ओरडून सांगायचं. गंमत अशी, की मान जिकडे वळते तिकडे सायकलही सरकते. ती सरकू न देणं, हीच खरी करामत.

तिसरा धडा : चारही पायऱ्या एकत्र. मागे बघा, हात, पुन्हा बघा, दोन्ही हात हॅण्डलवर, मग वळा. मागून एक मित्र दुसऱ्या सायकलवर ‘टँकर’ बनून येईल. तो कधी वेग कमी करेल, कधी करणार नाही. नाही केला तर वळायचं नाही. जो वळला, तो बाद!

हा तिसरा धडा पुन्हा पुन्हा करा. हात दाखवायला कोणीही शिकेल. पण हात दाखवूनही, मागच्याने ऐकलं नाही म्हणून न वळता सरळ निघून जाणं, हे जमलं तो खरा पक्का सायकलवाला. दुकान काही पळून जात नाही. पुढे जाऊन थांबायचं, उतरायचं आणि चालत परत यायचं. दोन मिनिटं जातील, एवढंच.

आणि हो, तुमच्यामागून येणाऱ्या टँकरच्या ड्रायव्हरकाकांनी वेग कमी करून तुम्हाला वाट दिली, तर वळून झाल्यावर, दोन्ही चाकं रस्त्याच्या कडेला नीट लागल्यावर, एक हात आणखी दाखवा. ती खूण कुठल्याही नियमात दिलेली नाही. पण रस्त्यावरच्या सगळ्यांना ती बरोबर कळते.

मग, रविवारी फक्की कोण आणणार?